गाडीची झळाळी : पुटे किती चढवावीत?

मेणाचा महागडा डबा घरात आला म्हणजे गाडी चमकली असे होत नाही. डब्यात नेमके काय असते, ते कसे लावायचे आणि हात कुठे थांबवायचा, हे कळले तर पैसे वाचतात आणि गाडीचा रंगही.

दसऱ्याच्या सकाळी कुठल्याही सोसायटीच्या आवारात एक चक्कर मारावी. बादल्यांचा खडखडाट चाललेला असतो. कुणी टायर घासतो आहे, कुणी पायपुसणी झटकतो आहे. वर्षभर गाडीकडे ढुंकून न पाहणारे गृहस्थही त्या दिवशी बनियनवर, हातात फडके घेऊन उभे असतात. मग झेंडूचा हार, बॉनेटवर हळदीकुंकवाचे स्वस्तिक, अक्षता, चाकाखाली लिंबू आणि पुढ्यात फुटलेला नारळ. पूजा आटोपली की घरातल्या मुलांना घेऊन एक फेरी.

आणि दुसऱ्या दिवशी लक्षात येते की पांढऱ्या बॉनेटवरचे स्वस्तिक पुसले तरी पिवळी छटा काही जात नाही. नारळाचे पाणी वाळून डाग पडले आहेत. मग घरात कुणीतरी भांडी घासायची पावडर घेऊन खाली उतरते. गाडीच्या रंगाची खरी दुर्दशा तिथून सुरू होते.

मध्यमवर्गीय घरात गाडी येते ती बहुधा कर्जावर. घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी तीच. हप्ते पाच-सात वर्षे चालतात आणि गाडीचा रंग मात्र तिसऱ्या वर्षीच थकलेला दिसू लागतो. पुढे ती विकायला काढली की गिऱ्हाईक इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी बॉनेटकडे पाहते. तेव्हा हा विषय नुसत्या हौसेचा नाही.

चमक म्हणजे काय?

तेल लावलेली काळ्या पाषाणाची मूर्ती आठवून पाहा. कोरड्या असताना त्याच पाषाणावर राखाडी झाक असते. तेलाचा हात फिरताच तो काळाभोर, खोल दिसू लागतो. दगडाचा रंग काही बदललेला नसतो. पृष्ठभागावरच्या बारीक खाचखळग्यांत तेल भरते आणि इतस्ततः विखुरणारा प्रकाश सरळ परावर्तित होऊ लागतो. गाडीवर मेण हेच काम करते. रंगावरच्या सूक्ष्म ओरखड्यांत ते भरते, पृष्ठभाग सपाट होतो आणि रंग ओला असल्यासारखा दिसतो.

ओरखडे पाहायचे असतील तर गाडी उन्हात उभी करून उन्हाचा ठिपका जिथे चमकतो तिथे निरखून पाहावे. त्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेषा दिसतील. ते कुणी मुद्दाम ओरबाडलेले नसते. रोज सकाळी कोरड्या फडक्याने झटकलेली धूळच हे करते. धुळीत वाळूचे कण असतात आणि ते रंगापेक्षा कठीण असतात. दिल्ली, जयपूर, इंदूरकडच्या गाड्यांवर हे जाळे लवकर दाट होते. मुंबईत धुळीच्या जोडीला खारी हवा असते, तर नागपुरात मे महिन्याचे ऊनच पुरेसे होते.

पॉलिश वेगळे, मेण वेगळे

सगळा घोटाळा या दोन शब्दांत आहे. आपल्याकडे दोन्हींना सर्रास 'पॉलिश' म्हणतात. पण खरे पॉलिश आणि त्याहून खरखरीत असे रबिंग कंपाऊंड, यांत बारीक घासणारे कण असतात. ते रंगाचा वरचा थर खरवडून काढतात आणि खालचा ताजा भाग वर आणतात. मेण काहीही काढत नाही, ते वर बसते.

आजच्या बहुतेक गाड्यांवर, विशेषतः मेटॅलिक रंगाच्या, पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकरचा थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही कमी. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण तोच करतो. आता दर सर्व्हिसिंगला 'साहेब, रबिंग-पॉलिश करून देऊ का, गाडी नवीन दिसेल' असे कुणी विचारले आणि आपण मान डोलावली, तर प्रत्येक वेळी त्या केसभर थरातले थोडे थोडे झिजत जाते. गाडी खरोखरच नवीन दिसते. चार-सहा वर्षांनी छपरावर आणि बॉनेटवर पांढुरके पोपडे दिसू लागतात, तेव्हा मात्र ते पुन्हा रंगवण्यावाचून इलाज उरत नाही. पॉलिशचा पूर्ण बहिष्कार करावा असे नाही. दोन-तीन वर्षांतून एकदा, सौम्य पॉलिश, जाणत्या हाताने. एवढे पुरे.

जुन्या गाड्यांचा प्रकार निराळा होता. ॲम्बॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्यावर पारदर्शक थर नसे, रंग थेट हवेला भिडलेला असे. उन्हाने तो खडूसारखा भुरभुरा व्हायचा आणि पुसताना फडक्याला लागायचा. आजही एखाद्या जुन्या गाडीच्या आडबाजूला पॉलिशचे फडके फिरवून पाहिले आणि त्याला गाडीचा रंग लागला, तर वर क्लिअर कोट नाही असे समजावे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींपैकी शेवटची पद्मिनी 2003 च्या ऑक्टोबरात ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि 20 वर्षांची मुदत संपल्यावर 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. अशा गाड्या चकचकीत ठेवण्यासाठी रॉकेलच्या बोळ्याचा उपाय अनेकजण करत. तास-दोन तास चकाकी येई खरी, पण त्या तेलकटपणावर रस्त्याची धूळ चिकटून बसे आणि खिडक्यांचे रबर खराब होई ते वेगळेच. हा उपाय अजूनही काही घरांतून चालतो. तो सोडलेला बरा.

ताडाच्या पानावरचे मेण

उंची मेणाच्या डब्यावर 'कार्नोबा' हा शब्द हमखास असतो. हे मेण मधमाश्यांचे नव्हे, ताडाच्या जातीच्या एका झाडाचे आहे. ईशान्य ब्राझीलमधील पियाउई, सिआरा आणि रिओ ग्रांदे दो नॉर्ते या कोरड्या राज्यांत ते वाढते. पानांतले पाणी कडक उन्हात उडून जाऊ नये म्हणून झाड पानांवर मेणाची भुकटी धरते. कोरड्या हंगामात लांब काठीला कोयता बांधून ही पंख्यासारखी पाने कापतात, उन्हात वाळवतात, झोडपतात आणि गळलेली भुकटी वितळवून मेण काढतात. तिकडे या झाडाला 'जीवनवृक्ष' म्हणतात आणि सिआराचा तो राज्यवृक्ष आहे. आपल्याकडच्या नारळासारखे त्याचे खोड, पान, फळ सारेच कामी येते.

नैसर्गिक मेणांमध्ये इतके कठीण मेण सहसा सापडत नाही. ते वितळायला 80 अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागते. केवळ गाडीवरच ते असते असे नाही. चकचकीत गोळ्या-चॉकलेटे, औषधाच्या गोळ्यांवरचे आवरण, लिपस्टिक, बुटाचे पॉलिश या सगळ्यांत ते थोडेथोडे असते. मुलांच्या हातातली गोळी आणि बाबांच्या गाडीचे बॉनेट एकाच झाडाच्या कृपेने चमकत असते म्हणा ना.

या मेणापायी एक विमानप्रवासही घडला. फरशीच्या मेणासाठी प्रसिद्ध असलेल्या अमेरिकेतील एस. सी. जॉन्सन कंपनीचे प्रमुख हर्बर्ट जॉन्सन 1935 मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील रसीन या गावाहून, पाण्यावरही उतरू शकणाऱ्या सिकोर्स्की विमानाने थेट ब्राझीलला गेले. कंपनीला लागणारे मेण पुढेही मिळत राहील ना, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. विमानाचे नावही 'कार्नोबा'च ठेवले होते. तेव्हा त्यांचा मुलगा सॅम सात वर्षांचा होता. पुढे 1998 मध्ये, सत्तरीला आलेल्या सॅम जॉन्सन यांनी तशाच विमानाची हुबेहूब प्रतिकृती बांधवून घेतली आणि आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन वडिलांच्या त्याच वाटेने पुन्हा उड्डाण केले.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. पाने कापणारे मजूर उघड्यावर झोपतात, ओढ्याचे पाणी न गाळता पितात, त्यांना गुलामीसारख्या अवस्थेत राबवले जाते, असे प्रकार ब्राझीलच्या कामगार निरीक्षकांनी उघडकीस आणले आणि मजुरांची सुटका केली. 2017 मध्ये जर्मन दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमाने हे दाखवले, तेव्हा युरोपात मोठी खळबळ उडाली. गंमत म्हणजे चर्चा झाली ती मुख्यतः लहान मुलांच्या गोळ्यांवरून. गाडीच्या मेणाच्या डब्यावर मात्र आजही ताडाचे हिरवेगार झाड छापलेले असते, कोयतेवाला मजूर नसतो.

डब्यावर '100 टक्के कार्नोबा' असे लिहिलेले असले तरी भुलू नये. शुद्ध कार्नोबा विटेसारखा टणक असतो, तो गाडीवर पसरताच येणार नाही. त्यात द्रावक, तेले आणि मधमाश्यांचे मेण वगैरे मिसळून तो लोण्यासारखा केलेला असतो. शंभर टक्क्यांचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की आत जो कार्नोबा आहे तो कार्नोबाच आहे! तो किती आहे, हे क्वचितच सांगितलेले असते. म्हणून हजारो रुपयांचा डबा घेण्याआधी मध्यम किमतीचा डबा नीट लावून पाहावा. फरक डब्यापेक्षा हाताने अधिक पडतो.

आधी अंघोळ, मग उटणे नव्हे

मेण लावण्याचा दिवस ठरला की निम्मे काम धुण्याचे असते. गाडी सावलीत आणि पत्रा थंड हवा. प्रवासाहून आल्या आल्या तापलेल्या बॉनेटवर पाणी मारले की ते वाळून क्षारांचे डाग उमटतात. ज्या गावात बोअरिंगचे जड पाणी आहे तिथे तर हमखास.

बादल्या दोन घ्याव्यात. एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे. फडके गाडीवरून फिरवून झाले की आधी साध्या पाण्यात खळबळावे, मगच शाम्पूत बुडवावे. नाहीतर आपण गाडीवरची वाळू गाडीवरच पुन्हा घासत बसतो. छपरापासून सुरुवात करून खाली यावे. दारांचा खालचा भाग आणि चाके सर्वांत शेवटी, तेही वेगळ्या फडक्याने. कपड्यांचा सोडा किंवा साबणचुरा वापरू नये, त्याने आधीचे मेण निघून जाते.

गाडी वाळली की एक सोपी परीक्षा करावी. हात पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बोटे बॉनेटवरून अलगद फिरवावीत. नुसत्या हाताला न जाणवणारे कण पिशवीतून बारीक रव्यासारखे लागतात. हे धुण्याने न गेलेले डांबराचे शिंतोडे, झाडाचा चीक, रेल्वेमार्गाजवळ राहणाऱ्यांच्या गाडीवर बसलेले लोखंडाचे कण. त्यासाठी मातीच्या गोळ्यासारखी 'क्ले बार' मिळते. पृष्ठभाग चांगला ओला, निसरडा करून ती हलक्या हाताने फिरवली की कण तिला चिकटून येतात. ती जमिनीवर पडली तर हळहळत का होईना, फेकून द्यावी. पडलेल्या गोळ्याला लागलेली वाळू दुसऱ्याच क्षणी आपल्या गाडीवर रेघा ओढते.

पापडाच्या लाटीला लावतो तेवढे

आता मेण. इथे नवशिक्या माणसाची एकच चूक असते, आणि ती म्हणजे भरपूर लावणे. एवढे पैसे मोजले आहेत तर जाड थर द्यावा, असे वाटते. पण जाड थर नीट वाळत नाही, पुसताना ओढला जातो आणि ढगाळ पट्टे मागे ठेवतो. पापडाच्या लाटीला तेलाचा हात जितका लावतो तितकेच मेण पुरे. ओलसर केलेल्या मऊ स्पंजावर वाटाण्याएवढे घेतले तर अर्धे बॉनेट सहज व्हावे. लावल्यावर फार दिसत असेल तर ते जास्त झाले.

सगळी गाडी एकदम माखू नये. अर्धे बॉनेट, मग एक दार, असे करत जावे. लावलेल्या मेणावर धुक्यासारखी झाक येऊ लागते. मध्येच एका बोटाने रेघ ओढून पाहावी. रेघेखाली स्वच्छ चमक दिसली तर पुसायला हरकत नाही. मेण बोटाला चिकटून फरफटले तर थांबावे. कोरड्या हवेत पाच-सात मिनिटांत हे होते, कोकणात किंवा पावसाळ्यात वीस मिनिटेही लागतात. घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेवावा. पुसायला मऊ मायक्रोफायबर कापड, चार घड्या घालून. एक बाजू भरली की दुसरी. जुन्या बनियनचा तुकडा चालेल असे वाटते, पण त्याची शिवण रंगावर ओरखडे काढते.

काळ्या प्लॅस्टिकच्या बंपरला आणि पट्ट्यांना मेण लागू देऊ नये, तिथे बसलेले पांढरे डाग हट्टी असतात. पुढच्या काचेवरही नको, पावसात वायपर कुरकुरतात.

दुसरे पुट द्यावे, दहावे नको

पुटांवर पुटे चढवली की चमक अधिकाधिक खोल होत जाते, अशी हौशी मंडळींची श्रद्धा आहे. काहीजण आठवडाभर रोज एक पुट चढवतात. श्रद्धेला धक्का द्यायची इच्छा नाही, पण मेणाचे गणित निराळे आहे.

पुसून उरलेला मेणाचा थर अतिशय पातळ असतो. नव्या पुटात द्रावक असतो आणि तो खालचे मेण थोडे विरघळवतो. पुसताना वरचे बरेचसे निघून जाते. भिंतीवरच्या रंगासारखे थरावर थर साचत जात नाहीत. मग दुसरे पुट कशासाठी? तर पहिल्या वेळी हातून सुटलेल्या जागा भरण्यासाठी. कितीही काळजीने लावले तरी दाराच्या मुठीजवळ, छपराच्या मधोमध, बॉनेटच्या कडेला काही जागा राहतातच. दुसऱ्या पुटाने आवरण एकसारखे होते आणि गडद गाडीवर हा फरक डोळ्यांना दिसतो. पहिल्या वेळी आडवा हात फिरवला असेल तर दुसऱ्या वेळी उभा फिरवावा.

दोन पुटांत 12 ते 24 तास जाऊ द्यावेत. द्रावक पूर्ण उडून मेण घट्ट व्हायला तेवढा वेळ लागतो. त्या काळात गाडी छपराखाली, कोरडी हवी. शनिवारी संध्याकाळी एक, रविवारी संध्याकाळी दुसरे, हे नोकरदारांना जमण्यासारखे आहे. तिसऱ्या पुटाने झालाच तर मनाला आनंद होतो, गाडीला विशेष काही होत नाही.

मात्र वेगवेगळ्या जातीचे दोन थर देण्यात अर्थ आहे. खाली कृत्रिम पॉलिमरचे सीलंट, वर कार्नोबा. सीलंट काही महिने टिकते, कार्नोबा त्याला ओलसर झळाळी देतो. क्रम उलटा करू नये. सीलंटला पकड घ्यायला स्वच्छ पृष्ठभाग लागतो, मेणावर ते धरत नाही. या दोहोंतही एक दिवस जाऊ द्यावा.

एवढे करून आपल्या हवेत कार्नोबा महिना-दीड महिना टिकला तरी समाधान मानावे. काळ्या गाडीचे बॉनेट उन्हात 70 अंशांपर्यंत तापू शकते आणि डब्यातले मिश्रण शुद्ध कार्नोबाच्या आधीच मऊ पडते. मेण आहे की गेले, हे पाणी सांगते. गोल, टपोरे थेंब उभे राहिले तर आहे, पाणी पसरून बसले तर गेले. कबुतराची विष्ठा पडली तर मेणाच्या भरवशावर राहू नये. उन्हात ती काही तासांत रंगात खड्डा पाडू शकते. ओल्या फडक्याने भिजवून, न घासता उचलावी. पांढऱ्या गाडीवाल्यांनी आरशासारख्या खोल चमकेची अपेक्षाच ठेवू नये. पांढऱ्यावर मेण रक्षणापुरते लावायचे. हल्ली सिरॅमिक कोटिंगचा बोलबाला आहे. ते अधिक टिकते हे खरे, पण त्याचा खर्च पाहिला की रविवारचा घाम बरा वाटतो.

एक बादली, आठ गाड्या

आता ज्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही त्याच्याकडे वळू. पहाटे पाचला येऊन सोसायटीच्या गाड्या पुसणारा मुलगा. एक बादली, एक फडके आणि आठ-दहा गाड्या. पहिल्या गाडीला स्वच्छ पाणी मिळते, आठवीला चिखल. रविवारी दोन तास खपून लावलेल्या मेणावर सोमवारी पहाटे हेच फडके फिरते. त्याच्यावर डाफरण्यात अर्थ नाही. त्याला मिळणाऱ्या पैशांत आणि वेळेत तो दुसरे काय करणार? आपल्या गाडीपुरती दोन मऊ कापडे त्याच्या हाती द्यावीत, ओले केल्याशिवाय पुसू नको म्हणून सांगावे आणि रोजऐवजी आठवड्यातून दोनदाच पुसायला सांगून महिन्याचे पैसे मात्र तेच ठेवावेत. गाडीचा रंग वाचतो, त्याचीही एक-दोन पहाटेची झोप वाचते.

पाण्याचा हिशेब तर आता टाळताच येत नाही. 2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. 2024 च्या मार्चमध्ये बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यावर बंदी घालून 5000 रुपये दंड ठरवला. नळी लावून गाडीसमोर गप्पा मारत उभे राहण्याचे दिवस गेले. मेण लावलेल्या गाडीवर धूळ कमी धरते आणि दोन बादल्यांत ती स्वच्छ होते, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

आणि पुढच्या दसऱ्यासाठी : मेणाचे दुसरे पुट निदान दोन दिवस आधी आटोपावे, म्हणजे हळदीकुंकू लवकर सुटते. स्वस्तिक बॉनेटऐवजी पुढच्या काचेच्या कोपऱ्यात काढले तरी पूजेत काही उणे राहत नाही. काच पुसली की झाले. नारळ गाडीपासून हातभर दूर फोडावा. हार बांधायला सुतळी न घेता सुती दोरा घ्यावा, कारण रस्त्याच्या वाऱ्याने हलणारी सुतळी संध्याकाळपर्यंत रंगावर जो काच पाडते तो मेणाने भरून निघत नाही.